काडी विझवून दाखव

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, बाबांना कमी ऐकू यायचं एवढंच. ते मिलमध्ये लूमखात्यात होते आणि वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान गेल्यात जमा होते. वस्तीत असे बाप घरोघर होते, त्यामुळे आमच्या गल्लीत गुपित असं काही टिकतच नसे. कुणाकडे कशाची भाजी झाली, कुणाची सून रुसली, सगळं पाण्याच्या नळापर्यंत ऐकू जायचं. मिलमध्ये मात्र हीच माणसं अवाक्षर न बोलता काम करत, कारण तिथे ओरडून काही उपयोग नव्हता. ओठ हलवायचे, बोटं नाचवायची, भुवया उडवायच्या, की पलीकडच्या माणसाला कळे. आणि माग नीट चालला आहे की नाही हे बाबा कानांनी नाही, तळहातानं ओळखत. मागाच्या चौकटीवर हात टेकवायचा. मधेच हाताला दणका लागला की समजायचं, काहीतरी अडकतंय. शेजारच्या मागावरचे लोकही म्हणे त्यांना खूण करून बोलवत आणि हात लावून बघायला सांगत.

माझ्या दम्याला त्यांनी हाच हात लावला. दम्याचा त्रास मला अगदी लहानपणापासून. बाबा पाळीवर निघायच्या आधी डबा हातात घेऊन माझ्यामागे उभे राहत आणि उजवा तळहात माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवत. माय चुलीपाशी भाकर थापता थापता ओरडून विचारायची, "काय म्हंते आज छाती?" हाताला खरखर लागली तर बाबा नुसती मान हलवत आणि त्या दिवशी माझी शाळा बुडे. काही लागलं नाही तर म्हणत, "काई नाई. साफ हाय." मग शाळा, मग खेळ, मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. तो हात जाड, गरम, आणि कितीही धुतला तरी त्याला मागाच्या तेलाचा वास यायचा. घरी येताना त्यांच्या कपड्यांवर कापसाचं बारीक तूस असायचं. ते दारातच उभे राहून अंगरखा झटकत आणि माय मला आत ढकलत म्हणायची, "आंधी कपडे बदला, मंग पोरीजवळ या."

दम्याचा आणखी एक जाच म्हणजे जेवण. दही नको, चिंच नको, बोरं नकोत, केळं तर नावसुद्धा काढायचं नाही. आणि संत्रं नाही. नागपुरात जन्मून मी संत्र्याची फक्त सालं हाताळली. दिवाळीच्या सुमाराला घरोघर संत्री येत, आमच्याही येत, बाकीचे खात आणि माय सालं छपराच्या टिनावर वाळत टाकी. मी टिनाखाली उभी राहून तो वास घ्यायचे. माझ्या वाट्याला मेथीची भाजी, गरम पाणी, तुळशीचा काढा आणि भाकरीचा पापुद्रा. एवढं सगळं पाळूनही दमा काही माझं ऐकत नसे, याचा मला फार राग होता.

शहरातल्या धंतोलीच्या डॉक्टरांकडे मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. तिथल्या बाकावर सगळा विदर्भ बसलेला असायचा. यवतमाळकडची, गडचिरोलीकडची माणसं गाठोडी घेऊन पहाटेपासून नंबर लावून बसलेली. डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि फटकळ. त्यांनी छाती तपासली आणि मग टेबलावरची काडेपेटी उचलून एक काडी पेटवली. हात लांब करून ती माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "ओठ आवळायचे नाहीत. तोंड सताड उघडं ठेवून फुंकायचं. काडी विझवून दाखव." ओठ आवळून कुणीही विझवेल, उघड्या तोंडानं विझवायला छातीत जोर लागतो, असं त्यांनी मायला समजावलं. मी फुंकलं. ज्योत हलली आणि पुन्हा सरळ झाली. मला वाटलं हा खेळ आहे आणि मी हरले. मला रडू आलं. माय मात्र त्या काडीकडे टक लावून बघत होती.

त्यांनी गोळ्या दिल्या, पांढऱ्या, बारीक, जिभेवर ठेवल्या तर कडू जहर. आणि देताना म्हणाले, "हात थरथरतील, छातीत धडधडेल. घाबरायचं नाही, गोळीचाच परिणाम आहे." त्यांनी हे सावध करण्यासाठी सांगितलं. मायनं ते वेगळंच ऐकलं. तिनं असं धरलं की हात थरथरले म्हणजे गोळी लागली. तेव्हापासून घरात दुसरी कसोटी सुरू झाली. गोळी घेऊन थोडा वेळ झाला की माय म्हणायची, "हात दाखव वं रतने." मी दोन्ही हात पुढे करायचे. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत असली की ती समाधानानं म्हणायची, "लागली." काही महिन्यांनी शरीराला सवय झाली आणि थरथर कमी झाली, तेव्हा तिनं गोळ्या नकली निघाल्या म्हणून मला पुन्हा धंतोलीला नेलं. डॉक्टर डाफरले, "बाई, गोळी छातीसाठी आहे, हातांसाठी नाही." मायला ते पटलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "जे दिसत नाई त्याच्यावर भरोसा कसा ठेवाचा?"

तिला हसण्याचा मला काही अधिकार नाही, कारण मीही तसंच मानत होते. गोळी घेतली की माझ्या अंगात कुणीतरी चावी भरल्यासारखं व्हायचं. बसवायचं नाही. मी राखेनं पितळेची भांडी घासायचे, घासून झालेली पुन्हा घासायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे, उगाच शेजाऱ्यांच्या बादल्या भरून द्यायचे. शाळेत अक्षर वेडंवाकडं यायचं आणि बाई ओरडल्या की मी उलट बोलायचे. बाबा कौतुकानं म्हणायचे, "पोट्टी भल्ली हुशार झाली." माय म्हणायची, "बसत काहून नाई वं तू एका जागी?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायची, "ते गोळी बसू देत नाई तिले." परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडायला लागली की मला कळायचंच नाही की ही भीती आहे, दमा आहे, की सकाळची गोळी. तिन्ही एकाच दारातून आत यायची. आता सत्तरी जवळ आली तरी माझे पाय स्वस्थ राहत नाहीत. पाहुणे आले की मी उभीच. नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी सून म्हणते, "आई, तुमचा स्वभावच तसा आहे." असेल. पण माझा स्वभाव कोणता आणि त्या गोळ्यांनी लावलेली सवय कोणती, हे मला कधी वेगळं करून पाहता आलं नाही. याची मला कधीकधी चीड येते. माणसाला आपल्या अंगातली घालमेल तरी आपली स्वतःची असावी.

मी मॅट्रिक झाले, पुढे बारावी केली, आणि त्याच सुमाराला पंप आला. डॉक्टरांनीच दिला, निळा, मुठीत मावेल एवढा. तोंडात धरायचा, दाबायचा, आत ओढायचा. गोळीला वेळ लागे. पंपाचं काम चहाला उकळी येईपर्यंत झालेलं असे. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटायचं, हात थोडे कापायचे, आणि मी हसत कामाला लागायचे. पंपाची मोठी जादू म्हणजे तो नुसता दमा घालवत नसे, दमा झाला होता ही आठवणसुद्धा घालवत असे. आत्ता आपण भिंतीला टेकून उभे होतो, जिना चढताना मधे थांबलो होतो, हे पुन्हा मनात येतच नसे. डॉक्टर म्हणाले होते, "वारंवार घ्यावा लागला तर ताबडतोब माझ्याकडे ये." पण पंप घेतल्यावर तर मला छान वाटायचं. छान वाटत असताना धंतोलीच्या बाकावर जाऊन कोण बसणार? आणि पंप घ्यायच्या आधी जीव घाबरा झालेला असायचा, तेव्हा हातात पंप असल्यावर डॉक्टर कुणाला आठवतो?

त्या वर्षी मला अमरावतीच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. आमच्या गल्लीतली कुणी मुलगी शिकायला बाहेरगावी, वसतिगृहात राहायला गेली नव्हती. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. लहानपणी शाळा बुडली की मी घरातल्या डब्यांना ओळीत बसवून शिकवायचे. त्या वर्षी प्रवेश लांबले होते, वर्ग पावसाळा संपल्यावर सुरू होणार होते. बाबांचं मन धरसोड करत होतं. एकदा म्हणत, जाऊ दे. एकदा म्हणत, तिथं रात्री-बेरात्री हिच्या पाठीवर हात कोण ठेवणार? शेवटी त्यांनी अट घातली. "वर्षावास संपेपर्यंत पाठ शांत राह्यली पाह्यजे. मंग जाय. नाई तर इथीच राह्य." पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, त्याला वर्षावास म्हणायचं. पाऊस आणि ओल हा माझ्या छातीचा सगळ्यात वाईट काळ, हे बाबांना ठाऊक होतं. तो निघाला तर सगळं निघालं, असा त्यांचा हिशेब.

आणि पाठ शांत राहिली. सुरुवातीला थोडी खरखर लागायची, मग कमी झाली, मग अधूनमधून, मग लागेनाशीच झाली. बाबा रोज हात ठेवत आणि रोज त्यांचा चेहरा फुलत जाई. "साफ. एकदम साफ." मिलमध्येही त्यांनी सगळ्यांना खुणा करून सांगितलं होतं की पोरीचा दमा गेला. मायनं माझ्यासाठी सतरंजी आणि पितळेचा तांब्या काढून ठेवला. मी तर हवेतच होते. नाही म्हणायला काही गोष्टी होत होत्या. वेणी घालताना हात वर धरवत नसत, मी वेणी अर्धी सोडून बसायचे. नळावरून कळशी आणताना शेवंतामावशीच्या ओट्यावर टेकायचे. बोलताना वाक्य लहान करायचे. पण यातलं काही मी दम्याच्या खात्यात टाकलं नाही. धडधड झाली तर पंपाची, दमले तर जायच्या गडबडीची, झोप आली नाही तर आनंदाची. खरखर नव्हती ना? मग दमा नव्हता. आमच्या घरात दम्याची व्याख्याच ती होती, आणि मीही त्याच घरातली.

विहारात वंदना सांगायचं काम बरेचदा माझ्याकडे असायचं. दमेकरी असूनही माझा आवाज स्वच्छ होता आणि पाली शब्द मी जिभेवर घोळवून म्हणायचे. मी एक ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी ती मागून म्हणायची. वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी खीर होती. मोठ्या गंजात खीर रटरटत होती, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका चटयांवर बसल्या होत्या, दुपारचा पाऊस थांबून बाहेर चिखल आणि ओला उजेड होता. घरून निघायच्या आधी बाबांनी पाठीवर हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, कारण ही शेवटची परीक्षा होती. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "आज तर काहीच नाई. जाय अमरावतीले." मायनं पदर डोळ्यांना लावला. मी आत जाऊन पंप घेतला, तासाभरापूर्वी घेतला होता तरी पुन्हा घेतला, आणि अंगात नेहमीची चावी भरली गेली. हात कापत होते, काळीज धावत होतं. मला वाटलं, मी आत्ता या पावलांनी अमरावतीपर्यंत चालत जाईन.

विहारात मी पुढे बसले, मेणबत्त्या लागल्या, आणि वंदना सुरू केली. त्रिशरणाची ओळ मी लहानपणापासून एका दमात म्हणत आले होते. त्या दिवशी एक शब्द म्हटला आणि थांबले. दुसरा म्हटला आणि थांबले. मला स्वतःला ते थांबणं जाणवलंच नाही. मला वाटत होतं, मी नेहमीसारखीच म्हणते आहे. मागच्या बायका माझ्या मागोमाग तशाच तुटक म्हणत राहिल्या. शेवंतामावशी म्हणजे आमच्या महिला मंडळाची पुढारी, ती शेजारणीला म्हणालीसुद्धा, "आज पोरगी किती शांततेनं म्हणून राहिली." पंचशील निम्म्यावर आलं असेल तेव्हा मागच्या रांगेत गडबड झाली. माय बायकांचे गुडघे ओलांडत पुढे येत होती. असं कुणी वंदनेत उठत नाही. माय तर नाहीच नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली, मेणबत्त्यांच्या ताटातली काडेपेटी उचलली आणि काडी पेटवली.

"फुंक," ती म्हणाली.

मला भयंकर लाज वाटली. सगळा विहार बघत होता. मी म्हणाले, "माय, मले... काई... नाई... झालं."

"तोंड उघडं ठेव. फुंक."

मी फुंकलं. म्हणजे मला वाटलं की मी फुंकलं. ज्योत हललीसुद्धा नाही. ती सरळ उभी राहून जळत मायच्या बोटांपर्यंत आली, आणि मायनं चटका बसेपर्यंत ती सोडली नाही. मग तिनं दुसरी पेटवली. मी पुन्हा फुंकलं. तीही तशीच जळाली. पुरुषांच्या बाजूनं बाबा पुढे आले होते. त्यांना काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण काडी दिसत होती. ते ओरडले, "अवो, पाठ साफ हाय तिची. आत्ताच पाह्यली मी."

मायनं माझ्यावरची नजर न काढता वर हात करून त्यांना गप्प केलं आणि ती ओरडली, "तुमचा हात राहू द्या. रिक्षा आणा."

सायकल रिक्षात मला मधे बसवलं. एका बाजूला माय, एका बाजूला बाबा, आणि बाबांचा हात पूर्ण रस्ताभर माझ्या पाठीवर. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काहीच नाई लागत वो हाताले. काहीच नाई." जणू कुणीतरी त्यांच्यावर खोटं बोलल्याचा आळ घेतला होता. मला त्या वेळी कसं वाटत होतं? हे मी आजवर ज्यांना सांगितलं त्यातल्या कुणालाच पटलं नाही. मला बरं वाटत होतं. थोडं गुंगल्यासारखं, थोडं लांब गेल्यासारखं, पण त्रास असा नाही. माझी फक्त एवढीच तक्रार होती की खीर राहिली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं नळी माझ्या पाठीवर ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली, बराच वेळ ऐकत राहिला. बाबांनी आशेनं विचारलं, "साफ हाय न, साहेब?"

"साफ नाही," तो म्हणाला. "आत हवाच जात नाहीये. आवाज येण्यासाठी आत हवा जायला पाहिजे."

बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून ते वाचायचा प्रयत्न केला. नीट कळलं नाही म्हणून मायनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेच ओरडून सांगितलं. बाबा स्वतःच्या तळहाताकडे बघत, नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू म्हणाले, "बंद पडलेल्या मागावर हात ठेवला तरी बी काहीच लागत नाई. एवढी वर्षं मागावर उभा राह्यलो अन् हे माह्या ध्यानात नाई आलं." एवढं हळू बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सुया, सलाईन, नाकातोंडावर रबराचा वास येणारा मुखवटा, एवढंच मला पुढचं आठवतं. जाग आली तेव्हा खिडकीतून सकाळचं ऊन आलं होतं आणि माझ्या छातीत भयंकर खरखर चालली होती. शिट्ट्या वाजत होत्या, आत कुणी खुर्च्या ओढत असावं असा आवाज. आणि आता मला पक्कं कळत होतं की मला बरं नाही. श्वास जड होता, बरगड्या दुखत होत्या, भीती वाटत होती. माय दचकून उठली. "परत सुरू झालं हिचं. बोलवा न कोणाले." डॉक्टर आला, त्यानं ऐकलं आणि हसला. म्हणाला, "वाजू द्या. हवा जायला लागली." मायला काही उमजेना. बाबा खाटेच्या दुसऱ्या बाजूला आले, मला थोडं पुढे कलवलं आणि पाठीवर हात ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्या खरखरीनं त्यांचा चेहरा आयुष्यभर पडत आला होता ती खरखर हाताखाली लागली आणि ते रडायला लागले. रडता रडता मायला ओरडून म्हणाले, सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं, "खडखड करून राहिला, पण चालू हाय. चालू झाला."

आता माझ्याकडे दोन पंप आहेत. एक निळा, तो कपाटात पडून असतो. दुसरा सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि त्याचं म्हणजे अंगाला काहीच कळत नाही. हात कापत नाहीत, काळीज धावत नाही, घेतला काय न घेतला काय, सारखंच वाटतं. आणि खरं काम तोच करतो, असं डॉक्टर सांगतात. पहिली काही वर्षं मी त्याच्यावर मनातून चिडून असायचे. निळा कसा, घेतला की पावती देतो. हा आपला मुका. माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी तर "काही वाटतच नाही" म्हणून तो बंदच करून टाकला. मी त्यांना झापलं. तेव्हा मायचं धंतोलीतलं वाक्य आठवलं, जे दिसत नाही त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा. मी फक्त रोज तो पंप घेते आणि अंगाला काय वाटतं ते विचारत बसत नाही.

त्या वेळी दवाखान्यातून बरी होऊन घरी आले तेव्हा अमरावतीचं सगळं संपलं असं मी धरून चालले होते. अंथरुणावर पडून राहणं माझ्यानं होत नव्हतं, आणि उठून जायला कुठे जागा नव्हती. मी मायवर चिडत होते, काडी पेटवली म्हणून. तिनं ती पेटवली नसती तर मी चिडायला उरले नसते, हे कळत होतं तरी चिडत होते. बाबा आता पाठीवर हात ठेवत नव्हते. पाळीवर जाताना माझ्याकडे न बघता निघून जायचे. ते मला दम्यापेक्षा जास्त लागत होतं. शेवटी मायच एक दिवस मला आणि त्यांना दोघांनाही धंतोलीला घेऊन गेली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मला रागावले, नव्या गोळ्या सुरू केल्या, आणि बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरीला पाठवा. दमा नागपुरातही आहे आणि अमरावतीतही. फक्त बरं वाटतंय यावर विसंबू नका. आणि संत्री खाऊ द्या तिला. त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?"

विद्यालयानं उशिरा येण्याची परवानगी दिली. दिवाळी होऊन गेली होती. बाबा रजा टाकून मला सोडायला आले. एसटीत त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी पहिली फोड तोंडात घातली आणि आता छाती भरेल, मग भरेल, म्हणून पूर्ण रस्ताभर वाट बघत बसले, त्यामुळे पहिल्या संत्र्याची चव मला आजतागायत आठवत नाही. छाती भरली नाही.

वसतिगृहाच्या फाटकापाशी मुली ये-जा करत होत्या. रेक्टरबाई ओसरीवर उभ्या होत्या. बाबांनी ट्रंक खाली ठेवली. मी सवयीनं पाठ त्यांच्याकडे केली आणि थांबले. हात आला नाही. मागे वळून पाहिलं तर त्यांनी खिशातून काडेपेटी काढली होती. वारा होता, म्हणून त्यांनी तळहाताचा आडोसा करून काडी पेटवली आणि हात लांब करून माझ्यासमोर धरली.

"तोंड उघडं ठेव," ते ओरडले. सगळ्या मुली बघायला लागल्या.

मी फुंकलं. काडी विझली.

बाबांनी विझलेल्या काडीकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग फाटकाच्या भिंतीआड, जिथे वारा लागत नव्हता तिथे मला नेलं आणि दुसरी पेटवली.